बंद करायची कळ

ट्रॅक्टर चालू करायला आता अक्कल लागत नाही. किल्ली फिरवली की झालं. माझा नऊ वर्षांचा नातू सीटवर चढून बसतो, चालू करतो आणि त्याची आजी दारात उभी राहून कौतुकानं बघते. मी मात्र ओरडतो. "आधी बंद करून दाखव," म्हणतो. पोरगं हिरमुसतं. घरच्यांना वाटतं, म्हातारा उगाच किरकिर करतोय. पण ही किरकिर माझी नाही. ती मला जमिनीसारखी वारशानं आलेली आहे. आणि ज्या माणसाकडून ती आली, त्याच्याच घरावर मी 23 वर्षं दावा चालवला. त्याची ही हकीकत आहे.

आमचं गाव बार्शी तालुक्यातलं. काळी जमीन, रब्बीची ज्वारी, थोडी तूर, विहिरीच्या पाण्यावर जमेल तेवढं बागायत. मी लहान असताना आमच्या विहिरीवर मोट होती. मग पाच हॉर्सपॉवरचं ऑईल इंजिन आलं. गावातली माणसं ते बघायला यायची. वडील आणि चुलते एकत्र होते. चुलत्याला आम्ही आबा म्हणायचो. वडलांचा जीव बैलात आणि आबांचा इंजिनात. ते इंजिन हँडल मारून चालू करायचं. डोक्यावरची कळ उचलायची, म्हणजे आतली हवा दाबली जात नाही आणि चाक हलकं फिरतं. दोन्ही हातांनी हँडल मारायचं, चाकानं वेग घेतला की कळ टाकायची. मग फाट, फाट, फाट. आम्हा पोरांना हँडल मारायची भारी हौस. मी दहा वर्षांचा, थोरला चुलतभाऊ तेरा वर्षांचा. त्याला मी अण्णा म्हणायचो. अजूनही म्हणतो. दाव्याच्या कागदात मात्र तो 'प्रतिवादी क्रमांक एक' होता.

आबांनी आम्हाला हँडलला हात लावू दिला नाही. ते स्वतः इंजिन चालू करायचे आणि आम्हाला बंद करायला लावायचे. डिझेलच्या पंपाजवळ एक दांडी होती, ती दाबून धरली की डिझेल तुटायचं आणि इंजिन दमल्यासारखं थांबायचं. असं आम्हा दोघांकडून दहा दहा वेळा करून घेतलं. अण्णा कंटाळून म्हणाला, "आबा, बंद करायला काय येतंय त्यात?" आबा म्हणाले, "ज्याला थांबवाया येत न्हाई, त्यानं सुरू करू नये. मग ते इंजिन असू दे, न्हाईतर तोंड."

आम्ही हसलो. पुढं बहात्तरचा दुष्काळ पडला, विहिरीनं तळ दाखवला, इंजिन पोत्याखाली झाकून ठेवलं आणि दोन्ही घरं रस्त्याच्या कामावर खडी फोडायला गेली. त्या वर्षी आम्ही एका तव्यावरची भाकरी खाल्ली. हे मी मुद्दाम सांगतो. कारण माणसं म्हणतात, गरिबीमुळं भावाभावांत भांडणं लागतात. आमची गरिबीत लागली नाहीत.

वाटणी 1983 ला झाली. शांतपणे झाली. वडील गेले, मागोमाग आबाही गेले. मग एका पावसाळ्यात मधला बांध वाहून गेला. परत घालताना अण्णानं तो चार फूट माझ्या बाजूला सरकवला, असं माझं म्हणणं. जुना बांध तिथंच होता, असं त्याचं म्हणणं. चार फूट रुंद आणि चारशे फूट लांब अशी ती पट्टी. दीड गुंठा भरते. चांगलं साल असलं तरी तेवढ्यात अर्ध्या मणावर ज्वारी होत नाही. या अर्ध्या मणासाठी मी 1991 साली दिवाणी दावा टाकला. तेवीस वर्षांत वकील, एस.टी., झेरॉक्स आणि चहापाणी यांवर किती गेले ते मी एका वहीत लिहून ठेवलंय. आकडा अजून बायकोला सांगितलेला नाही.

आता ट्रॅक्टरकडं येतो.

2008 चा मार्च. ज्वारी काढून झाली होती, खळ्यावर कणसांचा ढीग पडला होता आणि दुसऱ्या दिवशी मळणीयंत्र जोडायचं होतं. ट्रॅक्टर माझा जुना, दुसऱ्या हाताचा, 35 हॉर्सपॉवरचा. आदल्या संध्याकाळी मी स्वतःच त्याची सर्व्हिसिंग केली. मिस्त्रीचे पैसे वाचवायचे होते. त्या ट्रॅक्टरला हवा गाळायला ऑईलचा वाडगा असतो. हवा त्या ऑईलवरनं जाते, धूळ ऑईलात बसते आणि साफ हवा इंजिनात जाते. वाडग्याला खूण असते, तेवढंच ऑईल घालायचं. मी पार वर भरलं. मनात म्हणलं, धूळ लई आहे, जास्त घातलं तर काय बिघडतंय? होजची क्लिपही नीट आवळली नाही. बॅटरी कमजोर, म्हणून ट्रॅक्टर उतारावर तोंड करून लावला.

सकाळी चालू केला. दोन मिनिटं बरा चालला. मग आवाज चढायला लागला. मी ॲक्सिलरेटरकडं बघितलं, तो खालीच होता. आवाज चढतच गेला. मी स्टॉपचा नॉब ओढला. डिझेल इंजिनात पेट्रोलसारखा ठिणगीचा प्लग नसतो, त्यामुळं किल्ली काढून ते थांबत नाही. त्याचं डिझेल तोडावं लागतं आणि स्टॉपचा नॉब तेच काम करतो. मी नॉब पार बाहेर ओढून धरला. काही फरक नाही. खाली वाकून टाकीचा कॉक बंद केला. काही फरक नाही. धुराड्यातून निळा पांढरा धूर असा निघाला की खळं दिसेना. बॉनेट थरथरत होतं. शेतातली बाया-माणसं पळाली. सीटवर असतानाच मोठा गिअर टाकून, दोन्ही ब्रेक गच्च दाबून क्लच सोडला असता तर कदाचित इंजिन गुदमरलं असतं, पण ते सुचायच्या आत मी उडी टाकली होती. सुरू करणारा मी, आणि दहा पावलांवर उभा राहून बघणाराही मीच.

नंतर मिस्त्रीनं समजावलं. वाडग्यातलं जादा ऑईल हवेबरोबर इंजिनात खेचलं जात होतं. डिझेल इंजिनाला अमुकच जळण पाहिजे असं काही नसतं. पेट घेईल ते चालतं. मी डिझेल तोडलं, पण ते डिझेलवर चाललंच नव्हतं. ते ऑईल जाळत होतं. वेग वाढला की ते जास्त ओढायचं, जास्त ओढलं की वेग वाढायचा. अशा वेळी एकच उपाय असतो, हवा तोडायची.

हे अण्णाला ठाऊक होतं. शेजारच्या रानात तो कडबा बांधत होता. आम्ही सतरा वर्षं एकमेकांशी बोललो नव्हतो. तो बांध ओलांडून पळत आला. ज्या बांधावर पाय ठेवायचा नाही म्हणून कोर्टानं दोघांना बजावलं होतं, तोच बांध. माझ्याकडं बघितलं नाही. होज दोन्ही हातांनी धरून हिसडला, ढिल्या क्लिपातनं तो निसटला आणि हवा जायचं तोंड उघडं पडलं. मग त्यानं पायातलं टायरच्या तळाचं पायताण काढलं आणि त्या तोंडावर दाबलं. पायताण गपकन चिकटलं. इंजिन दोनदा आचका देऊन थांबलं.

वाचणाऱ्यांना एक सांगून ठेवतो. असं पायताणानं करू नका. जाड फळी घ्या. आणि हात किंवा फडकं तर चुकूनसुद्धा लावू नका. फडकं आत ओढलं जातं आणि हाताचंही बरं होत नाही. अण्णाचं दैव चांगलं होतं आणि टायर जाड होता.

त्या शांततेत माझ्या कानात नुसतं घूं घूं होत होतं. अण्णानं पायताण सोडवून घेतलं, मातीत घासलं, पायात घातलं आणि विचारलं, "तेल किती घातलं हुतंस?"

"वरपर्यंत," मी म्हणलं.

"आबांनी काय सांगितलं हुतं?"

एवढंच बोलला आणि कडबा बांधायला गेला. याच पायताणानं मारीन, असं तो मला एकदा कोर्टाच्या आवारात सगळ्यांदेखत म्हणाला होता.

गोष्टीत असतं तर त्याच दिवशी मी त्याच्या मागं गेलो असतो आणि आम्ही गळ्यात गळा घातला असता. मी गेलो नाही. पुढच्या महिन्यात तारीख होती. तो त्याच्या वकिलाशेजारी बसला, मी माझ्या. दावा आणखी सहा वर्षं चालला. म्हणून हा प्रश्न मला पडला आणि अजून सुटलेला नाही: जे आपण सुरू केलं ते थांबवायची जबाबदारी कुणाची? आणि थांबवायचं म्हणजे नक्की काय तोडायचं?

पहिल्या प्रश्नाचं उत्तर आबांनी दिलंच होतं. सुरू करणाऱ्याची. पण इथं एक अडचण आहे. सुरू करताना माणूस शहाणा असतो असं नाही. दावा टाकला तेव्हा मी तीस-एकतीस वर्षांचा होतो. वकिलाला कधी निकाल लागेल विचारलं, तो म्हणाला, वर्ष-दोन वर्षं. मी हँडल मारलं. बंद करायची दांडी कुठं आहे हे विचारलंच नाही. तसं विचारणं मला भित्रेपणाचं वाटलं असतं.

दुसरा प्रश्न अवघड आहे. रुडॉल्फ डिझेल या जर्मनीतल्या माणसानं 1897 साली हे इंजिन यशस्वी करून दाखवलं, असं मी वाचलंय. त्याची करामत अशी की ठिणगी लागतच नाही. हवा इतकी दाबायची, 16-17 पट, की ती दाबानंच तापते आणि जळण आपोआप पेटतं. मला वाटतं, भांडणाच्याही या दोन जाती आहेत. एक ठिणगीचं. नळावरचं, बाजारातलं. ठिणगी गेली की ते विझतं, संध्याकाळी तीच माणसं एका बाकावर बसलेली दिसतात. दुसरं दाबाचं. आत दाबत राहायचं, वरून काही दिसत नाही. त्याला किल्ली नसते.

पण दाबाचं भांडणसुद्धा सुरुवातीला कशावर तरी चालतं. माझं चार फुटांवर चाललं होतं. आणि मी काही खोटा नव्हतो. 2005 ला सरकारी मोजणी झाली, तेव्हा निम्म्यापेक्षा जास्त पट्टी माझी निघाली. अण्णानं तेव्हा एका पाव्हण्याच्या हातानं निरोप पाठवला: मोजणीप्रमाणं बांध सरकवतो, दावा काढून घे. म्हणजे डिझेल तुटलं होतं. ज्यासाठी भांडत होतो ते हातात येत होतं. मी काय म्हणालो? "खर्चाचं काय? आणि चार माणसांत माझी माफी मागू दे त्याला." पाव्हणा उठून गेला. दावा चालूच राहिला. तो कशावर चालला होता हे मला तेव्हा कळलं नाही. तीन वर्षांनी खळ्यावर निळा धूर बघितला आणि मिस्त्रीचं बोलणं ऐकलं, तेव्हा कळलं. तो माझ्याच ऑईलवर चालला होता. जे ऑईल इंजिनाला जपण्यासाठी असतं, तेच जळत होतं.

माझं काय काय जळलं त्यातलं एकच सांगतो. अण्णाची आई, माझी काकी, 2003 ला गेली. माझ्या जन्मानंतर माझी आई तीन महिने आजारी होती, तेव्हा काकीनं मला अंगावर पाजलं होतं. गावातल्या सगळ्यांना हे माहीत होतं. तिची तिरडी माझ्या दारावरून गेली. मी गोठ्यात उभा राहून बैलाच्या पाठीवर हात फिरवत होतो. बायको गेली, पोरं गेली, मी गेलो नाही. का? दोन दिवसांनी तारीख होती आणि मी गेलो तर तो नरम पडल्याचा अर्थ घेईल, असं मला वाटलं. या हिशोबाला कुठल्या कोर्टात अपील नाही.

मग हवा. या भांडणाला हवा कोण देत होतं? आधी मला वाटायचं, गाव देतंय. पारावर बसलं की कुणीतरी विचारणार, "काय म्हणतंय मॅटर?" मी सुरू व्हायचो. बांध, दगड, पंचनामा, त्याच्या साक्षीदाराचा खोटेपणा. ऐकणारे च् च् करायचे. चहा सांगायचे. त्यातल्या काहींना खरंच वाईट वाटायचं, काहींना नुसती करमणूक. पण तोंड माझंच उघडं होतं. हवा ओढत होतो मी. गावानं काय करावं, गावाला हवा सोडून दुसरं काय असतं?

म्हणून मी एक केलं. 2008 च्या पावसाळ्यापासून मी दाव्याबद्दल बोलणं बंद केलं. कुणी विचारलं तर म्हणायचो, "चाललंय," आणि पावसावर बोलायचो. पहिलं वर्ष फार जड गेलं. माझ्याकडं दुसरं बोलायला काही उरलंच नव्हतं, हे तेव्हा ध्यानात आलं. सतरा वर्षं मी नुसता वादी होतो. हळूहळू लोकांनी विचारणं सोडलं. मग रात्री स्वतःला सांगणंही कमी झालं. मी ज्याला अन्याय म्हणत होतो त्यातला अन्याय किती आणि सांगण्याची चटक किती, हे मग वेगळं दिसायला लागलं. अन्याय होता. पण अडीच फुटांचा होता.

हे मी एकदा एका तरुण कार्यकर्त्याला सांगितलं तर तो चिडला. म्हणाला, "काका, हे बोलणं धोक्याचं आहे. उद्या जमीनदार गरिबाला म्हणेल, हवा तोड, गप बस. मग गरिबानं दावाच करायचा नाही का? आंदोलन करायचं नाही?" त्याचं म्हणणं मी चार दिवस डोक्यात घोळवलं. त्याचं बरोबर आहे. थांबणं हा काही पुण्याचा धंदा नाही. ज्याची जमीन खरंच गिळली जातेय, ज्या बाईला घरात मार बसतोय, तिला 'थांब' म्हणणारा माणूस मारणाऱ्याच्या बाजूचा असतो.

मग फरक कसा ओळखायचा? मला ट्रॅक्टरवरनं एवढंच सुचतं. नांगराला जुंपलेलं इंजिनही ओरडतं, धूर टाकतं, तापतं. पण त्याच्या मागं तास पडत असतो. त्याला थांबवू नये. आमचं जे पळालं होतं त्याच्या मागं काहीच जुंपलेलं नव्हतं. सगळ्यात जास्त आवाज त्याचा आणि काम शून्य. तेव्हा भांडणाऱ्यानं अधूनमधून मागं वळून बघावं, तास पडतोय का. आणि दुसरं म्हणजे, मागतोय ते मिळालं तर मी थांबेन का, हे स्वतःला विचारावं. मला 2005 ला मिळत होतं आणि मी थांबलो नाही. त्या दिवसापासून मी न्याय मागत नव्हतो, नुसता पळत होतो. मात्र ही परीक्षा ज्याची त्यानं घ्यायची. दुसऱ्याच्या भांडणाला ती लावायला गेलं की आपण लगेच जमीनदाराच्या ओट्यावर जाऊन बसतो.

2014 ला आम्ही लोक अदालतीत तडजोड केली. मोजणीप्रमाणं बांध घातला, खर्च ज्याचा त्यानं सोसला. तिथल्या निकालावर अपील नसतं, ते मला बरं वाटलं. सह्या झाल्यावर अण्णा म्हणाला, "एस.टी. साडेचारला हाय." आम्ही एकाच एस.टी.नं आलो, वेगवेगळ्या सीटवर.

आता आम्ही बोलतो. पाऊस, बाजारभाव, कुणाच्या मुलीचं लग्न. काकीचं नाव दोघंही काढत नाही. त्या ट्रॅक्टरचं इंजिनही मी नंतर उघडून बांधून घेतलं होतं. बेअरिंगं घासली होती, एक पिस्टन गेला होता, 42 हजार रुपये लागले. मिस्त्री म्हणाला, चालेल, पण पहिल्यासारखी ओढ राहणार नाही. तसंच झालं. थांबवलं म्हणजे झालेलं नुकसान भरून निघतं असं नाही. पुढचं वाचतं, इतकंच.

परवा नातवानं नॉब ओढून ट्रॅक्टर बंद करून दाखवला आणि विचारलं, "आजोबा, आणि नाही बंद झालं तर?" मी त्याला गोठ्यात नेलं. तिथं खुंटीला एक जाड फळी टांगलेली आहे, मागं हातात धरायला मूठ ठोकलेली. ट्रॅक्टर बाहेर निघाला की ती बरोबर असते. कशी धरायची, कुठं दाबायची ते दाखवलं. पोरगं हुशार आहे, एकदा सांगितल्यावर कळलं त्याला.

उद्या त्याच्यात आणि अण्णाच्या नातवात बांधावरनं काही झालं, तर कुठली फळी घ्यायची, ते मात्र त्याला अजून सांगता आलेलं नाही.